व्हिडिओ लावला की मरतंय

आमच्या धंद्यात आजार सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. माणूस दुकानात येतो, खुर्ची दाखवली तरी बसत नाही, काउंटरवर दोन्ही हात ठेवतो आणि म्हणतो, ‘‘तसं काय न्हाई हो, झकास चालतंय. फक्त व्हिडिओ लावला की मरतंय.’’

‘मरतंय’ हा सोलापूरचा तांत्रिक शब्द आहे. मशीन हँग होणं, पडदा निळा होणं, आपोआप बंद पडून पुन्हा चालू होणं, किंवा घरातल्या कुणाचा पाय वायरीत अडकणं, हे सगळं त्यात येतं. पुस्तकात या प्रत्येकाला वेगळं नाव आहे आणि ती नावं शिकायला मी डिप्लोम्याची तीन वर्षं घालवली. गिऱ्हाइकाचं एका शब्दात भागतं.

मी मूळची मोडनिंबची. लग्न होऊन सोलापुरात आले आणि सत्तावीस वर्षं या गावाचे कॉम्प्युटर दुरुस्त केले. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून दुकान बंद केलं. बाईमाणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेली बघायची सुरुवातीला लोकांना सवय नव्हती. एक गृहस्थ एका दिवसात तीनदा आले. दर वेळी आत डोकावायचे, ‘‘मालक आले का?’’ विचारायचे आणि जायचे. तिसऱ्यांदा मी दुरुस्त केलेलं मशीन त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, मालक येऊन गेले.

पुढे लोक सरावले. कुणी मॅडम म्हणायचं, कुणी ताई, आणि पूर्व भागातली तेलुगू विणकर मंडळी अक्का म्हणायची. मला अक्का सगळ्यात आवडायचं. मॅडमला बिल विचारतात, अक्काला आधी पाणी विचारतात.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरवर तुम्ही अर्ज टाइप करता तेव्हा तो जवळजवळ पेंगत असतो. व्हिडिओ लावला की मात्र त्याला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं काढून दाखवावी लागतात, तीही आवाजाशी जुळवून. या कामानं त्याचं डोकं तापतं. डोकं म्हणजे आत बसलेली एक चौकोनी चिप, आणि तिला वारा घालायला वर एक छोटा पंखा. वारा पुरला नाही, तापमान वाढत गेलं, की मशीन जीव वाचवायला आपणहून बंद होतं. ही अक्कल माणसाला दिलेली नाही. मे महिन्यातल्या सोलापुरात भर दुपारी वरातीपुढं नाचणारे लोक मी पाहिलेत.

तेव्हा व्हिडिओ लावला की मरणाऱ्या मशीनच्या मागे संशयित तिघेच. उष्णता, वीज, किंवा ती व्हिडिओची फाइलच खराब. तिघांना एकेक करून दरडावलं की एक जण कबूल होतो, असा माझा अनुभव होता. अनुभवाचा मला गर्वही होता, तो का उतरला ते पुढे येईलच.

दसऱ्यानंतरचा आठवडा आमचा सुगीचा. खंडेनवमीला माणसं हत्यारांची पूजा करतात आणि आता कॉम्प्युटर हेच हत्यार झालंय. एका कापडाच्या व्यापाऱ्यानं कॅबिनेटला, म्हणजे आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्याला, झेंडूचा असा भरघोस हार घातला की मागची जाळी पूर्ण झाकली. पंख्यानं बिचाऱ्यानं वाऱ्याऐवजी पाकळ्या ओढून घेतल्या. मी हार काढायला हात लावला तर मालक घाबरले. म्हणाले, निर्माल्य झाल्याशिवाय काढायचा नाही. मग मी तोच हार उचलून पडद्याच्या चौकटीला घातला. पूजाही मोडली नाही आणि मशीनही चाललं.

दुसरा किस्सा टेंभुर्णीचा. तिथं एका स्टुडिओवाल्या बापूंचं मशीन लग्नाचा व्हिडिओ जोडताना रोज मरायचं, तेही नेमकं नवरीच्या पाठवणीला. बापूंनी कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून टाकली होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, ह्या लग्नात कायतरी हाय बगा. पोरगी रडाय लागली की मरतंय.’’ मी दिवसभर तिथं बसून राहिले. बापू जेवून कामाला बसायचे, मुहूर्त, मंगलाष्टका, पंगत असं करत पाठवणीला पोचायला त्यांना चार वाजायचे, आणि चार वाजता खालच्या मजल्यावरची पिठाची गिरणी सुरू व्हायची. गिरणीनं वीज ओढली की वरचे दिवे मंदावायचे आणि मशीन जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काम करायला लावलं, तेव्हा पोरगी पोटभर रडली, मशीनला काही झालं नाही. आम्ही बॅटरीचा डबा बसवून दिला. लिंबू-मिरची मात्र बापूंनी ठेवली. असू दे म्हणाले, कुणाच्या कशानं गुण आला कुणास ठाऊक.

या दोन प्रकरणांतून मी दोन नियम बांधले. एक, जमेल तेव्हा मशीन दुकानात मागवू नये, आपण मशीनच्या घरी जावं. दोन, पहिला प्रश्न हाच विचारावा: मरायला लागलं त्या सुमारास काय बदललं? याचं उत्तर जगभर एकच असणार. ‘काहीच नाही.’

आता अंबादासभाऊंविषयी.

पूर्व भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि मागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये वडिलांच्या वेळचे चार यंत्रमाग. चादरी विणायचे. वय एक्कावन्न, त्यातली छत्तीस वर्षं मागावर. घरात बायको पद्मा, ती बिड्या वळायची, आणि आई. आईला सगळी गल्ली अम्माच म्हणायची. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याच्या शिक्षणासाठी घेतलेला कॉम्प्युटर घरात मागे राहिला होता, समोरच्या खोलीत, अम्माच्या खाटेच्या डोक्याशी.

हे भाऊ दुकानात आले आणि खुर्चीवर बसले नाहीत. काउंटरवर हात ठेवून म्हणाले, ‘‘अक्का, वीस मिनिटं चालतंय. मग मरतंय. व्हिडिओच बघायचाय मला, दुसरं काय न्हाई.’’

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी माग विकले होते. हे त्यांनी मला सांगितलं, पण वेगळ्या संदर्भात. जुन्या मागांना आता काम मिळेना, म्हणून भंगारवाल्याला दिले, आणि चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात जॉबरच्या जागेसाठी अर्ज केला. माग दुरुस्त करणाऱ्याला इकडे जॉबर म्हणतात. तिथले माग नवे, बिनधोट्याचे. धोटा म्हणजे बाणा, म्हणजे आडवं सूत, घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. ज्या माणसाचं आयुष्य धोट्याच्या मागे गेलं त्याला आता बिनधोट्याचा माग शिकायचा होता. कारखान्याच्या साहेबांनी एका पेनड्राइव्हवर एक तास दहा मिनिटांची फिल्म दिली होती. ती नीट बघायची, मग परीक्षा. पास झालात तर जॉबर. नाही झालात तर गेटवर वॉचमनची जागा रिकामी होती, ती साहेबांनी आपणहून देऊ केली होती. हे सांगताना अंबादासभाऊ माझ्याकडे न बघता काउंटरवरची स्क्रूची डबी बघत होते. मोबाइलवर का बघत नाही, विचारलं. म्हणाले, मोबाइलमध्ये माग दिसतो, सूत दिसत नाही.

मी नियमाप्रमाणे विचारलं, मरायला कधी लागलं? दोन महिने झाले. तेव्हा काय बदललं? ते म्हणाले, ‘‘काय न्हाई की.’’ माझी हजेरी घेतली पाहिजे ती इथं. माणूस अर्ध्या मिनिटापूर्वी सांगतो की दोन महिन्यांपूर्वी छत्तीस वर्षांचे माग विकले, आणि मी कागदावर लिहिते, बदल: काही नाही. कॉम्प्युटर सोडून घरात काही बदललं का, असं विचारायचं मला सुचलंच नाही.

पहिला नियम मोडून आधी मशीन दुकानातच आणवलं. दोन तास व्हिडिओ चालवला. काहीही झालं नाही. नेऊन लावलं, त्याच संध्याकाळी मेलं.

मग मी घरी गेले. अम्मानं मला दारातच थांबवलं, लगबगीनं एक चादर आणली, झटकली, खाली फरशीवर अंथरली आणि तिच्यावर बस म्हणाली. लाल-काळी, मोराची नक्षी, काठ इतका सरळ की पट्टी ठेवून बघावा. त्यांच्या मागावरून उतरलेली शेवटची चादर होती ती. विकली नव्हती, घरात ठेवली होती. मी तिच्यावर मांडी घालून बसले, कॅबिनेट उघडलं आणि आत बघून खूश झाले. पद्माची तंबाखू आणि छत्तीस वर्षांची कापसाची तूस यांचा मिळून आत घोंगडीसारखा जाड नमदा तयार झाला होता. संशयित क्रमांक एक, उष्णता, रंगेहाथ सापडला. सगळं झाडून काढलं, फिल्म लावली, पाऊण तास चालवून दाखवली. पंखा जरा घरघरत होता, पण आमच्या धंद्यात आवाज करणाऱ्या पंख्याची काळजी करत नाहीत, गप्प झालेल्याची करतात. अंबादासभाऊंनी मध्येच मान वाकडी करून कान दिला आणि कॅबिनेटकडे हात नेला. मी म्हटलं, ‘‘भाऊ, हात लावू नका. नाजूक असतंय.’’ त्यांनी हात मागे घेतला. चहा झाला, मी निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. वीस मिनिटं, मग मेलं.

दुसऱ्या फेरीला वीज धरली. पुन्हा अम्माची लगबग, पुन्हा तीच चादर, पुन्हा मी तिच्यावर मांडी घालून. आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलून बघितला, भिंतीतली सॉकेट तपासली. फिल्म लावली, तासभर चालली. दुसऱ्या दिवशी फोन.

आता माझं टाळकं फिरलं. माझ्यासमोर हे मशीन गाईसारखं गरीब असायचं आणि माझी पाठ वळली की मरायचं. मी फोनवरच निकाल दिला. मशीन ठणठणीत आहे, तुमच्या पेनड्राइव्हमध्येच खोट आहे, साहेबांकडून दुसरा घ्या. संशयित क्रमांक तीन. वर असंही बोलले की तुम्हीच काहीतरी भलतं बटण दाबत असणार. सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी पुष्कळ गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं. अंबादासभाऊ म्हणाले, ‘‘असंल अक्का.’’ पेनड्राइव्ह बदलून घेतला त्यांनी. पुन्हा वीस मिनिटं.

त्या आठवड्यात परीक्षा झाली आणि ते नापास झाले.

हे मला त्यांनीच येऊन सांगितलं. भांडायला आले नव्हते. भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. पहिल्यांदाच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘‘पहिली वीस मिनिटं पाठ होती. साहेबानी विचारलं, माग चालू कसा करायचा, धडाधड सांगितलं. मग विचारलं, बंद कसा करायचा. ते फुडं होतं.’’

मला हसू आलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. हसू त्यांनाही आलं होतं, पण त्यांचं लवकर विरलं. साहेबांनी आठ दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं होतं. यावेळी नाही जमलं तर गेट.

मी म्हटलं, अहो पण फिल्म पुढं सरकवता येते की, खालची रेघ ओढायची. हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मी तीन आठवडे सांगितलं नव्हतं, कारण माझ्या मते हे कुणालाही माहीत असतं. त्या दिवशी मी खरोखर खजील झाले. दुकानातच बसून बघा म्हटलं, तर तेही जमलं नाही. कुणी गिऱ्हाईक आलं की हे उठून आपली खुर्ची त्याला द्यायचे आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहायचे, पडदा दिसेना झाला तरी.

तेव्हा मी तिसऱ्यांदा त्यांच्या घरी गेले. यावेळी पूर्ण फिल्म बघेपर्यंत उठायचंच नाही असं ठरवून. अम्मानं चादर अंथरली. मी बसले. मी आणि अंबादासभाऊ, दोघांनी मिळून एक तास दहा मिनिटं बिनधोट्याचा माग बघितला. मला त्यातलं काही कळलं नाही, त्यांना सगळं कळलं. मधेमधे ते पडद्याकडे बोट करून ‘हां, हां’ म्हणत होते. माग बंद कसा करायचा तेही आलं. कॉम्प्युटर एकदाही मेला नाही. मी हात जोडले आणि म्हटलं, भाऊ, मला काही समजत नाही, मी हरले. हे वाक्य मी धंद्यात त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेले आणि लक्षात आलं, चष्मा राहिला. परत फिरले. पाच-सात मिनिटं झाली असतील. दार उघडंच होतं. आत अंबादासभाऊंनी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली होती. अम्मा खाटेवर आडवी झाली होती. आणि मी ज्या चादरीवर तासभर मांडी घालून बसले होते, ती लाल-काळी मोराची चादर, चालू कॅबिनेटवर चारी बाजूंनी नीट खोचून घातलेली होती.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. तीन फेऱ्या. तिन्ही वेळा अम्मानं मशीनच्या अंगावरची चादर काढून मला बसायला दिली होती. आजार मी यायच्या आधी दोन पावलं उठून माझ्या बुडाखाली येऊन बसत होता. दुकानात मशीन आणलं तेव्हा अर्थातच उघडं आणलं होतं.

सोलापूरच्या घरात चादर दिसत नाही हो. ती खाटेवर असते, ट्रंकेवर असते, मिक्सरवर असते, टीव्हीवर असते, दाराला पडदा म्हणून असते. भिंत जशी आपण मोजत नाही तशी चादर मोजत नाही. मी विचारलं, अम्मा, ही याच्यावर का? तिला माझाच प्रश्न खुळचट वाटला.

‘‘ह्याचीच हाय ती. तू आली म्हणून तुला दिली बसायला. पाहुण्याला चांगली द्यावी की.’’

‘‘पण चालू असताना कशाला झाकता?’’

अम्मा उठून बसली. तिचं मराठी तेलुगूच्या चालीवर चालतं, शेवटचा स्वर लांबवत. ‘‘ओरडतंय ते. माग होते तवा ओरडत होतं का न्हाई, कुणाला म्हाईत? माग गेले, मग घरात हेच एकटं ओरडायलंय. लगीन होऊन आले तवापासनं मी मागाच्या आवाजात झोपले बाई. आता डोळा लागंना. लागला की हे ओरडतंय. म्हणून तोंड झाकते त्याचं.’’

दोन महिन्यांपूर्वी काय बदललं, याचं उत्तर ते होतं. पंख्याचं बेअरिंग बहुधा वर्षभर कोरडं पडलेलं होतं. चार मागांच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू आलं नाही. माग गेले, घर गप्प झालं, आणि पहिल्यांदा सगळ्यांना कॉम्प्युटरचा आवाज ऐकू आला. अम्मानं त्याच्यावर घरातला अक्सीर इलाज केला.

अंबादासभाऊ कपाळाला हात लावून बसले होते. म्हणाले, ‘‘मागावर चादर टाकून माग चालवला असता का मी, अक्का? पण कॉम्प्युटरवर चादर असतेच की.’’ मग त्यांनी हळूच विचारलं, आता हात लावू का? मी कोरडा पंखा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटानं एक टिचकी मारली, कानाशी धरला, आणि पाती थांबायच्या आत सांगितलं की बेअरिंग गेलंय, एका बाजूला खातंय. डोळेसुद्धा उघडले नाहीत. छत्तीस वर्षं हा माणूस आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखत आला होता, आणि पहिल्याच दिवशी त्यानं मान वाकडी करून कान दिला तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, हात लावू नका. मला त्या धंद्यातल्या पुष्कळ चुका आठवतात, पण बोचते ती हीच.

दुसऱ्या दिवशी नवा पंखा आणून बसवला. बसवला अंबादासभाऊंनी, मी फक्त स्क्रू धरले. इतका शांत पंखा की चालू आहे का ते बघायला कागदाचा कपटा धरावा लागला. अम्मानं चादर घडी करून उशाशी घेतली. पुढचे सहा दिवस भाऊंनी ती फिल्म इतक्यांदा बघितली की पद्मा बिड्या वळतावळता सांगू लागली, आता लाल बटण दाबतील बघा. परीक्षेत साहेबांनी माग बंद करायला सांगितला तेव्हा, भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी तो इतक्या झोकात बंद केला की साहेब म्हणाले, बरं, आता चालू तरी करा. जॉबर म्हणून घेतलं त्यांना. पेढे घेऊन दुकानात आले तेव्हा एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं होतं, तर या वेळी मीच माझी खुर्ची त्यांना दिली. बराच वेळ नाही-नाही म्हणून शेवटी बसले.

किस्सा इथं संपला असं मी धरून चालले होते.

महिन्याभरानं पद्माचा फोन आला. ‘‘अक्का, एकदा येऊन जावा. कॉम्प्युटरचं काम हाय.’’

मी विचारलं, परत मरायलंय काय?

‘‘न्हाई, मरत न्हाई. तुमी या तर.’’

दुपारी गेले. भाऊ कामावर होते. पद्मानं दारातच ओठांवर बोट ठेवलं. आत पडद्यावर तीच फिल्म चालू होती, मागांची लांबच लांब रांग, आणि आवाज चांगला मोठा केलेला. नव्या मागांचा आवाज जुन्यापेक्षा वेगळा असतो, जलद आणि बारीक, पण माग तो मागच. खाटेवर अम्मा गाढ झोपली होती. लाल-काळी चादर गळ्यापर्यंत ओढलेली.

पद्मा माझ्या कानाशी आली. नवा पंखा बसल्यापासून घर अगदीच गप्प झालं होतं म्हणाली, अम्माला दुपारी डोळाच लागेना. एकदा भाऊ फिल्म बघत असताना ती झोपली, सलग तासभर. तेव्हापासून रोज जेवणं झाली की लावायची. फक्त एक अडचण होती.

‘‘संपली की जाग्या होतात. मग मला बिड्यांचं सूप बाजूला ठेवून उठायला लागतंय. संपली की आपसूक परत चालू व्हावी, असं काय करता येतंय काय?’’

सत्तावीस वर्षांत व्हिडिओ मध्येच बंद पडतो अशी तक्रार मी शेकड्यानं ऐकली होती. व्हिडिओ संपतो, अशी ही पहिलीच. काम म्हणाल तर एका खुणेचं. कोपऱ्यात गोल फिरलेल्या बाणाचं एक बटण असतं, ते दाबलं.

नीट झालं का ते बघितल्याशिवाय उठायचं नाही, ही माझी सवय. फिल्मची शेवटची दहा मिनिटं राहिली होती. बसायला अंथरण्यासारखं चांगलं काही रिकामं नव्हतं म्हणून पद्मा ओशाळली. मी हातानंच असू दे म्हटलं आणि फरशीवर बसले. शेवटचं चित्र आलं, आवाज थांबला, पडदा काळा झाला. अम्मानं कूस बदलली. मग माग पुन्हा चालू झाले.